उमेदवाराचा जोडीदार: ‘मदत’ की राजकीय काम?

मित्रांनो, पेट पास होऊन मुलाखतीपर्यंत पोचलेले बरेच जण अडकतात ते एकाच ठिकाणी. विषय असतो, पण संशोधन प्रश्न नसतो. आज असाच एक विषय घेऊ: निवडणूक प्रचारात नेत्यांच्या पती-पत्नींची भूमिका. उदाहरण आपल्या कन्हान परिसरातलंच आहे.

आधी घटना

कन्हान ज्या रामटेक लोकसभा मतदारसंघात येतं, तो अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. २०२४ मध्ये काँग्रेसने इथून नागपूर जिल्हा परिषदेच्या माजी अध्यक्ष रश्मी बर्वे यांना उमेदवारी दिली. छाननीच्या दिवशी, २८ मार्चला, जात पडताळणी समितीने त्यांचं वैधता प्रमाणपत्र रद्द केलं आणि अर्ज बाद झाला. पर्यायी उमेदवार होते त्यांचे पती श्यामकुमार बर्वे. १९ एप्रिलला मतदान झालं. ४ जूनच्या निकालात श्यामकुमार बर्वे ७६ हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने समितीचा आदेश रद्द केला. पण तोवर खासदार ठरून गेला होता.

आता संकल्पना

समाजशास्त्रज्ञ हॅना पापानेक यांनी १९७३ मध्ये ‘दोन माणसांचं एकच करिअर’ अशी कल्पना मांडली. पद आणि पगार नवऱ्याचा, पण त्या नोकरीत बायकोचंही काम गृहीत धरलेलं. राजकारणात हे ठळक दिसतं. हळदीकुंकू, लग्नकार्य, मयतीला जाणं, दारावर आलेल्याला चहा विचारणं, ही सगळी प्रचाराचीच कामं. पण आपण त्याला म्हणतो ‘वहिनींची मदत’.

यात तीन भूमिका वेगळ्या करा. पहिली प्रचारकाची. दुसरी पर्यायाची, जशी रामटेकला दिसली. तिसरी वारसाची: चंद्रपूरचे खासदार बाळू धानोरकर यांचं २०२३ मध्ये निधन झालं आणि २०२४ मध्ये त्यांच्या पत्नी प्रतिभा धानोरकर तिथून जिंकल्या. मात्र त्या आधीच, २०१९ पासून, वरोऱ्याच्या आमदार होत्या. त्यामुळे नुसतं ‘वारस’ म्हणून मोकळं होता येत नाही. नातं प्रत्येक वेळी चालतंच असंही नाही. बारामतीत त्याच वर्षी अजित पवारांच्या पत्नी सुनेत्रा पवार हरल्या.

रामटेकचं वेगळेपण असं की इथे बायकोच्या जागी नवरा उभा राहिला. म्हणजे ‘पत्नीची भूमिका’ हे शीर्षक घेतलं असतं, तर हे उदाहरण तुमच्या जाळ्यातून निसटलंच असतं. म्हणून ‘जोडीदार’ हा शब्द घ्या.

इथे घसरू नका

‘मतं रश्मीताईंची होती, मिळाली नवऱ्याला’ असं पानठेल्यावर सहज बोलून जाता येतं, प्रबंधात नाही. पक्ष, महाविकास आघाडी, जातीची गणितं आणि अर्ज बाद झाल्याची सहानुभूती हे सगळं एकाच वेळी घडत होतं. एका निकालावरून कारण सिद्ध होत नाही.

मग मोजायचं काय?

एक, प्रतिज्ञापत्रं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालानंतर उमेदवाराला जोडीदाराच्या मालमत्तेचाही तपशील द्यावा लागतो. ही कागदपत्रं सगळ्यांना बघायला मिळतात. दोन, प्रचाराची रोजनिशी. कोण, कुठल्या गावात, किती तास, कुणाशी बोललं? खर्चाच्या हिशोबात मंडप आणि गाड्या दिसतात, घरच्या माणसाचे तास दिसत नाहीत. तीन, कार्यकर्त्यांच्या मुलाखती. तिथे ‘वहिनी मदत करतात का?’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’ एवढंच येईल. ‘काल सकाळपासून वहिनींनी काय काय केलं?’ असं विचारा.

आता प्रश्न असा होईल: रामटेक मतदारसंघात उमेदवारांच्या जोडीदारांनी कोणती प्रचारकामं केली आणि त्यातली कोणती कार्यकर्ते ‘राजकीय’ मानतात? हा प्रश्न छोटा आहे, पण तपासता येतो.

एखाद्या कामाला नावच नसेल तर ते मोजलं जात नाही, आणि मोजलं नाही तर त्या कामावर कुणी तिकीटही मागू शकत नाही. तुमच्या गावात पुढची निवडणूक लागेल तेव्हा एका उमेदवाराच्या घरी दिवसभर बसा आणि दिसेल ते लिहून काढा. तुमची पहिली फील्ड नोट तिथेच तयार होईल.