हुकूम मालकाचा, वजन जॉबरचे

कारखानदार मंडळी भेटली की एक तक्रार हमखास ऐकू येते. भाडे आम्ही भरतो, वीजबिल आमच्या नावाचे, पगार आमच्या हातून जातो. पण कारीगर ऐकतात ते मुकादमाचे. तो रुसला की दुसऱ्या दिवशी निम्मे माग बंद. काही वेळा तर तो दहा-बारा माणसे घेऊन शेजारच्या शेडमध्ये निघून जातो आणि सुताची ऑर्डर तशीच पडून राहते.

हे दुखणे आजचे नाही. मुंबईतली पहिली कापड गिरणी 1854 साली स्थापन झाली आणि पुढे गिरणगावात मालकांनी जॉबर नेमले. कागदावर पाहिले तर जॉबर हा एक साधा वरिष्ठ कामगार. साचा बिघडला तर दुरुस्त करायचा, आपल्या लाईनीतली माणसे हजर आहेत की नाही ते पाहायचे, एवढेच त्याचे काम. प्रत्यक्षात खात्यात मॅनेजरपेक्षा त्याचा शब्द जड असे. ते वजन त्याच्याकडे आले कुठून, हे पाहिले तर आपल्या कारखानदारांच्या उपयोगाचे बरेच हाती लागते.

पहिली गोष्ट, माणूस कामावर लागत असे तो जॉबरमार्फत. रत्नागिरीचा, साताऱ्याचा तरुण गावच्या ओळखीने त्याच्याकडे येई. मदनपुऱ्यातले मोमीन विणकरही साचेखात्यात शिरत ते अशाच ओळखीपाळखीने. पण नोकरी लावणे ही फक्त सुरुवात. चाळीत पथारीपुरती जागा, खानावळीत उधारी, वाण्याकडे खाते, अडीअडचणीला पठाणाचे कर्ज, या सगळ्याला जॉबरची ओळख कामी येई. गिरणीचा पगार महिना उलटून बऱ्याच दिवसांनी मिळे. तोवर पोट चालवायचे कसे, हा प्रश्न मालकाने कधी स्वतःचा मानला नाही. जॉबरने मानला.

दुसरी गोष्ट कामातली. विणकराची मजुरी कापडावर. बीम खराब आला, ताणा वारंवार तुटू लागला की दिवसाची कमाई गेली. कापडात खोट निघाली तर तो माल विणकराच्याच गळ्यात मारून किंमत पगारातून कापण्याची पद्धत होती. अशा वेळी चांगला साचा, बरे सूत कोणाला द्यायचे, कोणाची दुरुस्ती आधी करायची, हे जॉबरच्या हातात. शिवाय त्याला यंत्राचे अंग ठाऊक होते. ज्याला आपल्यापेक्षा जास्त काम येते त्याचे बोलणे कारीगर निमूटपणे ऐकतो, असा आमचा अनुभव आहे.

आता याची काळी बाजूही सांगितली पाहिजे. नोकरी लावण्यासाठी आणि टिकवण्यासाठी जॉबर दस्तुरी घेत. बदली कामगाराला रोज सकाळी त्याच्या तोंडाकडे पाहावे लागे. हे इतके वाढले की 1931 साली रॉयल कमिशनने आपल्या अहवालात माणसे ठेवण्या-काढण्याचा अधिकार जॉबरकडे असू नये, अशी शिफारस केली. मुंबईत 1935 साली बदली नियंत्रणाची पद्धत आली. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठराविक बदली कामगारांना कार्डे द्यायची आणि त्यांच्यातूनच रोजची गरज भागवायची. मर्जीच्या जागी कार्ड आले.

पण त्याआधीच, 1928 सालच्या संपात, जॉबरच्या वजनाची मर्यादा उघडी पडली होती. एप्रिल ते ऑक्टोबर गिरण्या बंद होत्या. कामगारांनी गिरणी-गिरणीत आपल्या कमिट्या उभ्या केल्या. कामगारांना सोडून मालकाच्या बाजूला उभे राहणे जॉबरला परवडणारे नव्हते. तसे केले की त्याच्यामागे माणसे उरत नसत, आणि माणसे नसलेल्या जॉबरची मालकालाही गरज नसे. भीतीने आणि दस्तुरीने मिळवलेले वजन अशा दिवशी कामाला येत नाही. अडचणीत जो उभा राहिला होता, त्याचे थोडेफार टिकले असावे.

मग आजच्या लहान कारखानदाराने काय करावे? मुकादमाला काढून टाका, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. वीस-पंचवीस मागांच्या शेडला तो लागतोच. पण जी कामे मालकाची आहेत ती त्याच्याकडे का गेली, हे तपासावे. उचल मुकादमामार्फत न देता स्वतः द्यावी आणि कारीगरासमोर वहीत लिहावी. त्याला लिहिता-वाचता येत नसेल तर त्याच्या विश्वासातल्या माणसाकडून वाचून घ्यावी. पगाराचा वार ठरवावा आणि तो चुकवू नये. व्यापाऱ्याचे पैसे अडकले असतील तर दोन दिवस आधी शेडमध्ये जाऊन तसे सांगावे. पगाराच्या दिवशी दुकानातून गायब होणारे मालक आम्ही पाहिले आहेत. त्यांना नंतर वर्षभर कितीही ओरडले तरी कोणी मोजत नाही.

सूत खराब आले असेल तर नुकसान कारीगराच्या मजुरीतून कापू नये. सूत आपण विकत आणलेले असते. एखादा दर चुकून कमी लावला असेल तर सर्वांसमोर दुरुस्त करावा. त्याने मालकाची इज्जत कमी होते, हा गैरसमज आहे.

आणि माग कसा चालतो ते शिकून घ्यावे. आपल्याकडे वडिलांचा कारखाना हाती घेणारी कित्येक शिकलेली मुले हिशेबात तरबेज असतात, पण तुटलेला धागा जोडायला त्यांना मुकादमाला हाक मारावी लागते. हे काम उस्तादाजवळ उभे राहून महिनाभरात अंगवळणी पडू शकते. त्या महिन्यात कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाला ईदला गावी जायचे आहे, हेही कानावर येईल. ही खबर सध्या फक्त मुकादमाकडे असते.