मागच्या इंजिनाचे ऋण

मुंबईहून पुण्याकडे जाणारी गाडी कर्जत स्थानकात काही मिनिटे थांबते आणि त्या मिनिटांचा उपयोग प्रवासी बटाटेवडा मिळवण्यासाठी करतात. कर्जतच्या वड्याची कीर्ती मोठी, आणि ती रास्तही आहे. परंतु गाडी तेथे थांबते ती वड्यासाठी नव्हे. पुढे बोरघाटाची चढण लागते. सदतीस फुटांमागे एक फूट अशा त्या चढणीवर सबंध गाडी ओढून नेणे पुढच्या एकट्या इंजिनाला पेलत नाही, म्हणून गाडीच्या शेपटाशी आणखी दोन-तीन इंजिने जोडावी लागतात. रेल्वेच्या भाषेत त्यांना 'बँकर' म्हणतात. या शब्दाने पेढीवरचा सावकार डोळ्यांपुढे यावा. पण हा बँकर व्याज घेत नाही, तारण मागत नाही. तो मागून रेटा देतो, डब्यांच्या जोडण्यांवरचा ताण हलका करतो आणि गाडी मागे घसरू नये हेही पाहतो. घाटमाथा आला की तो सुटतो आणि दुसऱ्या गाडीला रेटा देण्यासाठी परत खाली येतो.

स्थानकाला लागूनच असलेल्या भिसेगावातील रहिवाशाला हे सारे नित्याचेच आहे. डब्यात बसलेल्यालाही इंजिन जोडल्याचा हलका धक्का जाणवतो. परंतु तो धक्का कशाचा, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. वंदे भारतसारख्या काही नव्या गाड्या बँकरविना घाट चढतात, पण इतर अनेक गाड्यांना आजही मागच्या इंजिनाचाच आधार आहे. पुण्याला वेळेवर पोहोचल्याबद्दल कोणाचे आभार मानावे असे एखाद्या प्रवाशाच्या मनात आलेच, तर कर्जतहून चढून पुन्हा कर्जतला परतलेला तो चालक त्याच्या हिशेबात असत नाही.

संस्कृतातून मराठीत आलेला 'कृतज्ञ' हा शब्द येथे उपयोगी पडतो. कृत म्हणजे केलेले, आणि ते जाणणारा तो कृतज्ञ. या शब्दात गोड बोलणे नाही, मान लववणे नाही, हारतुरे तर नाहीतच. आहे ते केवळ जाणणे. ज्याला दुसऱ्याने काय केले हेच ठाऊक नाही, त्याने दिवसाकाठी शंभरदा 'थँक्यू' म्हटले तरी तो सभ्य ठरेल, कृतज्ञ ठरणार नाही. आपल्या समाजात कृतज्ञतेची जी वाण दिसते ती हृदयाच्या कठोरपणामुळे नसून बव्हंशी या अज्ञानामुळे आहे.

बोरघाटाचाच इतिहास पाहावा. लोहमार्गाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली घाट खुला झाला. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांचे नाव ग्रंथांतून नोंदलेले आहे. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार १८५९ मध्ये येथे येताच थोड्याच दिवसांत मरण पावला आणि त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेल यांनी, ते कंत्राट पुढे चालवून तडीस नेले, ही हकीकतही कौतुकाने सांगितली जाते. सांगावी अशीच ती आहे. परंतु काम भरात असताना घाटात चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकी, ताप, सुरुंग आणि कडे यांनी त्यांतील हजारोंचा बळी घेतला. त्यांची नावे कोठेही नाहीत. पंचवीस बोगदे त्यांनी खणले आणि आपण त्यांतून जाताना अंधार झाला म्हणून खिडकीबाहेर पाहणे थांबवतो.

लोकमानसाला मात्र ही उणीव जाणवली असावी. खोपोलीहून घाट चढताना जुन्या महामार्गावर शिंग्रोबाचे मंदिर लागते. हा शिंग्रोबा म्हणजे मेंढ्या चारणारा एक धनगर. घाटातील वाट त्याने गोऱ्या साहेबांना दाखवली आणि बक्षिसाऐवजी देशाचे स्वातंत्र्य मागितले म्हणून त्याला गोळी घातली गेली, अशी दंतकथा आहे. ती वाट लोहमार्गाची की सडकेची, याविषयी सांगणाऱ्यांत एकमत नाही. दंतकथेकडे तशा पुराव्याची मागणीही करू नये. महत्त्वाचे हे की, वाट दाखवणाऱ्याचे देणे राहिले आहे ही जाणीव लोकांनी देवळाच्या रूपाने जपली, आणि पिढ्यान्‌पिढ्या मोटारचालक तेथे नाणे वाहून पुढे गेले. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाल्यापासून बहुतेक वाहने त्या देवळासमोरून जातच नाहीत. वेग वाढला की वाट दाखवणारे असे नजरेआड होतात.

आपली संस्कृती कृतघ्न आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. पोळ्याला बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावणारा, खंडेनवमीला हत्यारांची आणि यंत्रांची पूजा करणारा, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करणारा हा समाज आहे. गंमत अशी की, खंडेनवमीला कारखान्यात यंत्राला झेंडूची माळ पडते. यंत्र चालवणाऱ्याच्या वाट्याला पेढा येतो, तोही रांगेत उभे राहून. माणसामाणसांतल्या व्यवहारात तर कृतज्ञतेची दिशाच आपण ठरवून टाकली आहे. 'खाल्ल्या मिठाला जागणे' हा वाक्प्रचार पाहा. मीठ खाणाराने जागायचे. ज्याच्या श्रमावर मीठ पिकले, त्याच्याविषयी मीठ वाढणाऱ्याने जागे राहावे असे भाषेला सुचले नाही. चाकराने धन्याचे, कारकुनाने साहेबाचे, विद्यार्थ्याने गुरूचे उपकार स्मरावेत. उलट दिशेचा प्रवाह कोरडा. साहेबांच्या बदलीला शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह असते; तीस वर्षे कचेरीचे दार उघडणाऱ्या शिपायाच्या निवृत्तीला पुष्कळदा चहा आणि दोन वाक्ये एवढ्यावर भागते. सभेतील आभारप्रदर्शनाचा अनुभव तर सर्वांनाच आहे: अध्यक्षांपासून सुरुवात होते, आणि सतरंज्या अंथरणाऱ्यांपर्यंत वक्ता पोहोचेतो सभागृह उठलेले असते.

अलीकडे कृतज्ञतेला शास्त्राचे पाठबळ मिळाले आहे. अमेरिकेतील रॉबर्ट एमन्स व मायकेल मॅक्कलो या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्या गोष्टींबद्दल कृतज्ञ वाटते त्या नियमाने लिहून काढणारी माणसे इतरांपेक्षा अधिक समाधानी आढळली. ॲडम ग्रँट आणि फ्रान्सेस्का जिनो यांनी २०१० साली दुसरा अनुभव मांडला. एका विद्यापीठासाठी दूरध्वनीवरून देणग्या मिळवणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी काहींना प्रमुखांनी भेटून त्यांच्या श्रमांबद्दल आभार मानले. त्यानंतर त्यांनी केलेल्या दूरध्वनींची संख्या सुमारे दीडपट झाली. हे निष्कर्ष उद्बोधक आहेत. मात्र ते व्यवस्थापकांच्या हाती पडतात तेव्हा थोडी भीती वाटते. दीडपट काम जर दोन गोड शब्दांत होत असेल, तर पगारवाढीचा विषय काढण्याचे कारणच काय?

या प्रश्नाचे उत्तर बोरघाटानेच देऊन ठेवले आहे. १८५९ च्या जानेवारीत घाटातील मजुरांनी दंगा केला तो कोणी पाठ थोपटली नाही म्हणून नव्हे. मजुरी वेळेवर मिळेना म्हणून. त्या प्रकरणानंतर फॅव्हिएल या कंत्राटदाराला काम सोडावे लागले. ज्याचे देणे थकले आहे त्याला दिलेले धन्यवाद ही थट्टा होय. म्हणून कामाच्या जागी कृतज्ञतेची पहिली खूण पगाराच्या तारखेला दिसली पाहिजे. आज कचेऱ्या आणि स्थानके झाडणारी माणसे पुष्कळ ठिकाणी कंत्राटावर असतात. त्यांचे पैसे कोणत्या तारखेला हाती पडतात, हे त्या कचेरीत बसणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल? जाणणे येथून सुरू व्हावे.

दुसरी खूण नावाची. वरिष्ठांकडे गेलेला तक्ता कोणी बनवला, हे टिपणीत एका ओळीत लिहिता येते. त्याला शासननिर्णयाची गरज नाही. आभार मानताना नेमके काय केले ते सांगावे. 'आपले सहकार्य मोलाचे' हे वाक्य कोणालाही लागू पडते, म्हणून ते कोणालाच लागत नाही. 'मार्चअखेर तुम्ही जुन्या नोंदी तपासल्यात, म्हणून सतरा अर्ज परत गेले नाहीत' हे ज्याला ऐकायला मिळते, तो ते घरी जाऊन सांगतो. शिक्षकांना तर हे अधिक सोपे. घाटाचा धडा शिकवताना बोगद्यांची संख्या आपण पाठ करून घेतोच. पावसाळ्यात कड्यांवरचे सुटे धोंडे उतरवणारे आणि रात्री कंदील घेऊन रुळांवर गस्त घालणारे रेल्वेचे कामगार मुलांना दाखवले, तर घाट आपोआप समजेल. भिसेगाव-कर्जतच्या शाळांना त्यासाठी सहल काढण्याचीही आवश्यकता नाही. त्यांतील काही मुलांचे वडीलच या कामावर असण्याचा संभव आहे.

या तालुक्याला ऋण जपण्याची सवय नाही असेही नाही. माथेरानचे विठ्ठल उर्फ भाई कोतवाल यांनी वकिलीची सनद मिळवूनही गावोगावी शाळा काढल्या आणि शेतकऱ्याला सावकाराच्या दारात उभे राहावे लागू नये म्हणून धान्यकोठी उभारली. १९४२ च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे जाणारे विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. दरवर्षी त्या दिवशी लोक तेथे जमतात, आणि ते कोणी हुकूम काढला म्हणून नव्हे. मात्र डोंगरात लपलेल्या दस्त्याला जगवणारे हात गावापाड्यांतले होते. धोका पत्करून भाकरी कोणत्या घरांतून गेली, निरोप कोणी पोहोचवला, हे सांगणारी पिढी आता जवळजवळ संपली; नातवंडे अजून आहेत, आणि त्यांनी आजीच्या तोंडून काही ऐकलेले असणार. वह्या घेऊन त्यांच्याकडे जाण्याचे काम कर्जत-मुरबाडच्या शाळांना येत्या २ जानेवारीपूर्वी सहज करता येईल.