विश्रांतीतला मेंदू : कोणत्या यंत्राला काय दिसतं?

मागच्या व्याख्यानात आपण काम करणारा मेंदू पाहिला. आज उलटा प्रश्न घेऊ. माणूस नुसता स्वस्थ पडून आहे, तेव्हा मेंदू काय करतो? शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला हा अवयव ऊर्जेचा सुमारे २० टक्के वाटा वापरतो, आणि अवघड गणित सोडवायला बसलो तरी त्यात फारशी वाढ होत नाही. म्हणजे तो रिकामा कधी नसतोच.

१९९५ मध्ये भरत बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी एफएमआरआयवर दाखवलं, की बोटं हलवताना मेंदूच्या दोन्ही बाजूंचे जे भाग सक्रिय होतात, ते बोटं स्थिर असतानाही एका लयीत वर-खाली होतात. अशा एकत्र चालणाऱ्या भागांना आपण जाळं म्हणतो.

आता यंत्रांकडे वळू. एफएमआरआय पेशींची वीज मोजत नाही, त्यांच्या मागोमाग येणारं रक्त मोजतं. सभेत काय चाललंय ते आत गेलेल्या चहाच्या कपांवरून ताडावं, तसं! जागा काही मिलिमीटरपर्यंत कळते, पण रक्ताचा प्रतिसाद ५-६ सेकंद उशिरा येतो. ईईजी मिलिसेकंदांत वीज टिपतो, स्वस्त आहे, रुग्णाच्या खाटेपाशी नेता येतो. पण कवटीमुळे जागा पुसट होते. एमईजी चुंबकीय क्षेत्र मोजतो. कवटी त्याला फारशी आड येत नाही. मात्र खास खोली लागते आणि खोलवरचे भाग क्षीण दिसतात. पीईटीमध्ये किरणोत्सारी द्रव्य द्यावं लागतं.

मग विश्वास कोणावर ठेवायचा? एफएमआरआयची जाळी म्हणजे फक्त रक्ताचा खेळ असेल, अशी शंका होतीच. २०११ मध्ये एमईजीवरही तशीच जाळी दिसली आणि ती शंका बरीचशी मिटली.

पण २०१२ मध्ये दुसरी अडचण पुढे आली. डोकं मिलिमीटरहून कमी हललं तरी लांबचे दुवे खोटेच कमकुवत दिसतात, जवळचे घट्ट दिसतात. आता बघा, यंत्रात सगळ्यात जास्त चुळबूळ कोण करतं? लहान मुलं आणि रुग्ण. म्हणजे ‘या मुलाच्या मेंदूतले दुवे कच्चे आहेत’ असं आपण म्हणू, आणि प्रत्यक्षात ते पोर फक्त हललेलं असेल!

म्हणून कुठल्याही निष्कर्षाला आपण दोन प्रश्न विचारायचे : हालचालीचा हिशेब केला का? आणि दुसऱ्या पद्धतीनेही तेच दिसलं का?