दाराबाहेर राहिलेली बाई

छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाणारा महामार्ग आणि जालना-अंबडकडून येणारा रस्ता जिथे एकमेकांना मिळतात, तिथे वडीगोद्री आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी या पट्ट्यात आलं तसा ऊस वाढला. जवळच अंकुशनगरला समर्थ सहकारी साखर कारखाना आहे. गाव वाहत्या रस्त्यावरचं असल्यामुळे इथल्या बाईच्या पोटात कळा सुरू झाल्या की निदान निघायचं कसं हा प्रश्न पूर्वीइतका बिकट राहिलेला नाही. 108 ला फोन लावायचा. अंबडला उपजिल्हा रुग्णालय आहे, जालन्यात गांधीचमनला जिल्हा स्त्री रुग्णालय आहे आणि फारच अडलं तर संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. गाडीत तिच्याबरोबर आई किंवा सासू असते, एखादी चुलती असते, आशाताई असते. या सगळ्या जणी लेबर रूमच्या दारापर्यंत येतात. पुढे बहुतेक वेळा ती एकटीच आत जाते.

मला बोलायचं आहे ते या दाराविषयी.

दोन पिढ्यांपूर्वी असं दार नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी, घरातल्या अंधाऱ्या खोलीत, बाजेवर नाहीतर जमिनीवर. सुईण यायची. ती कळा मोजायची नाही, पण बाईच्या तोंडाकडे बघून तिला वेळ कळायची. बाईला ती चालवायची, उकिडवी बसवायची, दोराला किंवा खांबाला धरून उभी करायची, तेल लावून कंबर चोळायची, चहा पाजायची आणि सतत बोलत राहायची. बाळ झालं, वार पडली की आंघोळ घालायची आणि पुढेही बरेच दिवस बाळाला न्हाऊ घालायला, बाळंतिणीला शेक द्यायला येत राहायची. मोबदला म्हणून लुगडं-चोळी, पायली-दोन पायली धान्य, नारळ. या कामातल्या कितीतरी बाया मातंग आणि इतर दलित समाजातल्या होत्या. ज्या हातांवर गावातली अर्धी पोरं जन्मली, त्या हातांना एरवी ओसरीवर चढू दिलं जात नव्हतं. सुईणीची आठवण काढायची तर हा अन्यायही आठवायला हवा.

आणि ती व्यवस्था सुरक्षित नव्हती, हेही. वार अडकली, रक्त थांबेना, बाळ आडवं आलं, तर सुईणीकडे उपाय नसायचा. नाळ विळ्याने कापली जायची, धनुर्वाताने बाळं जायची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, म्हणजे 1992-93 मध्ये, महाराष्ट्रातल्या निम्म्याहून कमी बाळंतपणं दवाखान्यात होत होती. 2019-21 च्या पाचव्या फेरीत हे प्रमाण 94.7 टक्क्यांवर गेलं. 2018-20 या काळासाठी राज्याचा मातामृत्यू दर एक लाख जिवंत जन्मांमागे 33 इतका नोंदला गेला, तेव्हा देशाचा होता 97. या आकड्यांमागे वाचलेल्या बाया आहेत. कुणी मला घरच्या बाळंतपणाचे गोडवे ऐकवू लागलं, तर मी हेच आकडे पुढे ठेवते.

पण सुईण दोन कामं करायची. एक नाळ कापण्याचं, ते दवाखान्याने घेतलं आणि तिच्यापेक्षा कितीतरी चांगलं केलं. दुसरं काम होतं तासन् तास शेजारी असण्याचं, धीर देण्याचं. ते कुणीच घेतलं नाही. एक सिस्टर, तीन-चार टेबलं, रात्रपाळी: ती बिचारी कुणाचा हात धरणार? आत ओरडलं म्हणून बोलणी खाल्लेल्या, मांडीवर चापट खाल्लेल्या बाया गावोगाव भेटतात. हे केवळ आपल्याकडचं नाही. प्रसूतीच्या वेळी होणारा अपमान आणि मारझोड थांबवा, असं निवेदन जागतिक आरोग्य संघटनेला 2014 मध्ये काढावं लागलं.

हे दुसरं काम करणारीला आज जगभर डूला म्हणतात. ती डॉक्टर नाही, नर्सही नाही. ती तपासत नाही, इंजेक्शन देत नाही. बाळंतपणाआधी भेटते, कळांच्या सगळ्या वेळात जवळ राहते, नंतर दूध पाजायला मदत करते. पुण्या-मुंबईत अशा प्रशिक्षित डूला आहेत, त्यांना हजारो रुपये देणारी कुटुंबंही आहेत.

नुसत्या सोबतीने काय होतं, याचा शोध सुरू झाला ग्वाटेमालातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात. तिथे नातेवाइकांना आत सोडत नसत. मार्शल क्लाउस, जॉन केनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलटकरणींपैकी काहींना एक अनोळखी, साधी बाई सोबतीला दिली. पाठ चोळायची, हात धरायचा, बोलायचं, एवढंच तिचं काम. 1980 मध्ये निष्कर्ष छापून आले. एकट्या बायांना भरती झाल्यापासून बाळंत व्हायला सरासरी 19 तासांहून जास्त लागले होते, सोबत असलेल्यांना 9 तासांच्या आत. संख्या लहान होती, म्हणून शंका घेतल्या गेल्या, आणि त्या रास्त होत्या.

पुढचा प्रयोग अमेरिकेत ह्यूस्टनच्या सरकारी रुग्णालयात झाला, 600 हून अधिक बायांवर. तो 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. मला तो फार मोलाचा वाटतो, कारण त्यात तीन गट होते. पहिल्या गटाला डूला. दुसऱ्या गटात खोलीत एक बाई फक्त बसलेली, काय काय घडतं ते वहीत टिपणारी, बाळंतिणीशी न बोलणारी. तिसऱ्या गटाला नेहमीची व्यवस्था. सिझरचं प्रमाण तिसऱ्या गटात 18 टक्के, डूला असलेल्या गटात 8 टक्के. आणि मधल्या गटात 13. कुणी हात लावला नाही, शब्द बोललं नाही, नुसतं कुणीतरी खोलीत होतं, तरी फरक पडला.

याचं कारण शरीरातच आहे. कळा आणणारं ऑक्सिटोसिन भीतीच्या वातावरणात नीट काम करत नाही. घाबरलेल्या शरीरात अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं, कळा मंदावतात, वेदना मात्र जास्त जाणवतात. मग कळा वाढवणारं सलाईन, मग बाळाचे बिघडलेले ठोके, मग सिझर. महाराष्ट्रात दर चार बाळंतपणांमागे एक सिझर होतं, पाचव्या सर्वेक्षणात नेमकं 25.4 टक्के. त्यातली बरीच जीव वाचवणारी असतात. पण सगळीच गरजेची असतात, असं मानायला मी तयार नाही. 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात 17 देशांतल्या 15 हजारांहून अधिक बायांवरचे प्रयोग एकत्र तपासले गेले, आणि सतत सोबत असेल तर सिझर कमी होतात, कळांचा काळ घटतो, बाईचा अनुभवही बरा राहतो, हेच दिसलं.

आपल्याकडे या विचाराला जुना आधार आहे. 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवा तिथे गुपचूप येऊन बाळंत होत. घरच्यांनी टाकलेल्या, जीव द्यायला निघालेल्या बायांजवळ त्या वेळी सावित्रीबाई होत्या. अशाच एका काशीबाईच्या मुलाला, यशवंतला, त्यांनी दत्तक घेतलं आणि तो पुढे डॉक्टर झाला. महाराष्ट्रातल्या पहिल्या डूलेचं नाव विचारलं, तर मी सावित्रीबाईंचं सांगेन.

आता नियमांकडे येऊ. केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी 2016 मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतिणीला परवानगी देणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली बाई, संसर्गजन्य आजार नसलेली, स्वच्छ कपडे घातलेली, शेवटपर्यंत थांबणारी, उपचारांत लुडबुड न करणारी. पुरेसा आडोसा असेल तिथे नवऱ्यालाही मुभा. डिसेंबर 2017 मध्ये आलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात लेबर रूमच्या गुणवत्तेच्या अटींमध्येही सोबतीण आहे. म्हणजे दार कागदोपत्री उघडलेलं आहे. प्रत्यक्षात टेबलांमध्ये पडदा नसतो, दुसऱ्या बाईची लाज राहत नाही, म्हणून आईला बाहेर काढलं जातं. सिस्टरचीही अडचण खरी आहे. पण ती अडचण चार पडदे आणि एका स्टुलाची आहे.

जालना जिल्ह्यात हा प्रश्न आणखी टोकदार होतो. इथे कोवळ्या वयात लग्न होणाऱ्या मुलींचं प्रमाण मोठं आहे. पाचव्या सर्वेक्षणानुसार विशीच्या पहिल्या टप्प्यातल्या साधारण एक तृतीयांश बायांची लग्नं अठराच्या आत झालेली. ज्या पोरीला आपल्या शरीरात काय चाललंय हे कुणी सांगितलेलं नाही, तिला अनोळखी खोलीत एकटं झोपवायचं म्हणजे तिच्या भीतीत भर घालायची.

आणि ऊसतोड. दिवाळी झाली की कोयते निघतात. उचल घेतलेली असते, मुकादमाची माणसं मोजलेली असतात, त्यामुळे सातव्या-आठव्या महिन्यातली बाईही ट्रॅक्टरवर बसते. तिचं माहेर मागे राहतं, गावची आशाताई मागे राहते, तपासणीचं कार्ड कधी पेटीत राहतं. फडाजवळच्या कोपीत कळा सुरू झाल्या की शेजारच्या कोपीतल्या बायाच तिची आई होतात. दवाखान्यात नेलं तर त्या बायांचा त्या दिवसाचा रोज बुडतो, तरी त्या जातात. या बायांना आत घ्यायला हवं. त्या नात्यातल्या नाहीत म्हणून कुणी अडवू नये.

राज्यात आदिवासी भागासाठी ‘माहेरघर’ नावाची योजना आहे. दिवस भरत आलेली बाई आधीच प्राथमिक आरोग्य केंद्राजवळच्या खोलीत येऊन राहते, सोबत घरचं माणूस असतं, बुडालेल्या मजुरीपोटी काही पैसे मिळतात. गाळप हंगामात कारखान्यांच्या परिसरातल्या आरोग्य केंद्रांशी अशी एकेक खोली का नसावी? अंकुशनगरच्या पट्ट्यात तर ती आधी व्हावी.

सोबतीण घडवायला फार मोठी यंत्रणा लागत नाही, हे महाराष्ट्रानेच दाखवलं आहे. जामखेडला 1970 पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी निरक्षर, उपेक्षित बायांमधून आरोग्यसेविका तयार केल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यदूतांकडून नवजात बाळांची घरोघरी काळजी घेतली आणि बालमृत्यू कमी होतात हे 1999 मध्ये जगापुढे मांडलं. त्याच कामातून आशाताईंच्या घरभेटी आल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. सव्वा महिन्याच्या बाळंतिणीला जपायची रीत शास्त्राने अशी वेगळ्या वाटेने मान्य केली. पण आशाताईला पैसे मिळतात ते बाईला पोचवण्याचे. रात्रभर तिच्या उशाशी बसण्याचे मिळत नाहीत. ती रात्र मोजली गेली पाहिजे.

वडीगोद्रीसारख्या गावात डूला बाहेरून आणावी लागणार नाही. ती एखादी मावशी असेल, जाऊ असेल, सुईणपण सोडून दिलेली म्हातारी असेल. सातव्या महिन्यात तपासणीला जाताना तिला बरोबर न्यावं. लेबर रूम तिने दिवसाउजेडी आतून पाहावी, सिस्टरशी ओळख करून घ्यावी, डाव्या कुशीवर कसं वळवायचं, श्वास कसा घ्यायला लावायचा, कशाला हात लावायचा नाही हे विचारून घ्यावं. आणि माता-बाल संरक्षण कार्डावर, प्रसूतीची अपेक्षित तारीख लिहिली जाते त्याच पानावर, सिस्टरकडून तिचं नाव लिहून घ्यावं.