बाईंच्या घरी कोण असतं?

तालुक्याच्या गावातल्या माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवते. नव्या वर्गातली मुलं हमखास विचारतात, "बाई, तुमच्या घरी कोण कोण असतं?" बाकीच्या बाई नवरा, मुलं, सासूबाई असं सहज सांगून जातात. मी "मैत्रीण" म्हणते आणि फळ्याकडे वळते. आम्ही दोघी जोडीदार आहोत. संस्थाचालकांच्या कानावर गेलं तर, ही धास्ती कायम असते.

धास्तीला कारण आहे. डॉ. रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. फेब्रुवारी 2010 मध्ये त्यांच्या घरात घुसून चित्रीकरण केलं गेलं आणि समलिंगी संबंधांवरून निलंबित झाले ते सिरसच. अलाहाबाद उच्च न्यायालयानं 1 एप्रिलला निलंबनाला स्थगिती दिली. शिक्षकाच्या खासगी वागण्याचा नोकरीशी ठोस संबंध नसेल, तर ते गैरवर्तन मानता येणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. आठवड्याच्या आत सर राहत्या घरी मृतावस्थेत सापडले.

सप्टेंबर 2018 मध्ये समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध 2019 चा कायदा आला, तो ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी. त्यात प्रत्येक आस्थापनेनं तक्रार अधिकारी नेमायचा आहे. तरीही जेन कौशिक या ट्रान्स शिक्षिकेला दोन राज्यांतल्या शाळांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. निकाल 17 ऑक्टोबर 2025 ला लागला. माझ्यासारखीसाठी तर असा कायदाच नाही.

बँकेत जोडीदाराला नॉमिनी करता येतं, हे केंद्र सरकारनं ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलं. कुटुंब निवृत्तिवेतनात आणि वैद्यकीय बिलाच्या प्रतिपूर्तीत मात्र ती माझं 'कुटुंब' नाही. तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा रजेच्या अर्जावर मी 'घरगुती काम' लिहिलं.

शाळेत असे शिक्षक असले तर मुलांवर काय परिणाम होईल, असं काही पालक विचारतात. एखाद्या मुलाला कुणी 'बायल्या' म्हणून चिडवलं, की मी धडा बाजूला ठेवते आणि त्यावर बोलते. त्या वेळी माझ्याच घराबद्दल गप्प राहावं लागतं, याचं मला फार दुःख आहे. त्या मुलाला नुसता उपदेश पुरत नाही. असं जगणारं, सन्मानानं नोकरी करणारं एखादं मोठं माणूस त्याला समोर दिसायला हवं.

तुम्ही संस्थेच्या कार्यकारिणीवर किंवा पालक-शिक्षक संघात असाल, तर पुढच्या बैठकीत दोन गोष्टी मांडा. तक्रार अधिकाऱ्याचं नाव सूचना फलकावर लावा, आणि लैंगिक कलावरून कुठल्याही शिक्षकाची नोकरी जाणार नाही, असा लेखी ठराव करा.