फळ्यावरचा पट

लिनक्सवर चालणारा संगणक सुरू होताना पहिल्या काही सेकंदांत ढीगभर छोट्या फायली लिहितो. कोणता प्रोग्रॅम कोणत्या क्रमांकाने चालू आहे, कोणती उपकरणं सापडली, कुलूप कोणाच्या हाती आहे. या फायलींची जागा डिस्कवर नाही, मेमरीतच आहे. शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात पट आणि हजर मुलांची संख्या लिहितात, ती दुसऱ्या दिवशी पुसण्यासाठीच. हजेरीपुस्तक मात्र कपाटात जातं. माहिती त्याच वर्गाची, पण ती किती काळ खरी राहणार यावरून तिची जागा ठरते. कालचा आकडा फळ्यावर तसाच राहिला तर खिचडीचा अंदाज चुकणारच. लिनक्समध्ये नेमकं हेच होई. या फायली ‘व्हार’ डिरेक्टरीतल्या ‘रन’मध्ये, बहुधा डिस्कवर, जात. अचानक वीज गेली की जुना क्रमांक तिथेच राही. पुढच्या खेपेला तोच क्रमांक भलत्याच प्रोग्रॅमला मिळाला, तर ‘बंद हो’ हा निरोप त्यालाच जाण्याचा धोका. म्हणून सुरुवातीलाच ही जागा झाडून काढावी लागे. शिवाय ‘व्हार’ वेगळ्या पार्टिशनवर असेल, तर ती जोडली जाण्याआधी लिहायचं कुठे? उपकरणं ओळखणाऱ्या ‘यूडेव्ह’ने मग उपकरणांच्याच ‘डेव्ह’ डिरेक्टरीत लपवलेलं फोल्डर थाटलं. २०११ मध्ये लिनक्सच्या ‘फेडोरा १५’ या आवृत्तीने थेट मुळाशी, मेमरीत राहणारी ‘रन’ डिरेक्टरी आणली आणि २०१५ च्या फाइलरचनेच्या मानकात तिला अधिकृत स्थान मिळालं. तिची घोषणा करणारे लेनार्ट पोएटरिंग संगणक सुरू करताना सेवा चालवणाऱ्या ‘सिस्टिमडी’वरच्या वादांमुळे अधिक ओळखले जातात; हा शांत, नेमका निर्णय त्या गदारोळात झाकला गेला, याचं वाईट वाटतं.

मेमरी वाया जाईल, ही शंका फार टिकत नाही. ‘रन’मागची ‘टीएमपीएफएस’ ही मेमरीतली फाइलव्यवस्था फायलींना लागेल तेवढीच मेमरी घेते आणि या फायली असतात चिमुकल्या. संगणक कोलमडला तर सुरुवातीच्या नोंदीही जातील, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. त्यासाठी नोंदी ठेवणारा ‘जर्नलडी’ आधी ‘रन’मध्ये लिहितो आणि कायमची साठवण चालू असेल, तर डिस्क लिहिण्याजोगी होताच नोंदी ‘व्हार’मध्ये हलवतो. यादृच्छिक आकड्यांचं बीज तर उलट टोकाचं. मागच्या खेपेचं संचित पुढच्या खेपेला पोचवणं हेच त्याचं काम, म्हणून ते डिस्कवरच राहतं. तेच बीज दोनदा पेरलं जाऊ नये म्हणून ते वापरताना त्याच्या जागी लगेच नवं लिहिलं जातं.