परदेशात पासपोर्ट हरवल्यावर

भारतीय पासपोर्ट ज्याच्या नावाचा, त्याच्या मालकीचा नसतो. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे तो केंद्र सरकारची मालमत्ता आहे. नागरिकाकडे तो फक्त वापरायला दिलेला असतो. म्हणून परदेशात तो हरवला किंवा चोरीला गेला, की सरकारला कळवणे हे धारकाचे काम आणि त्या माणसाला घरी परतता येईल असे पाहणे हे सरकारचे काम. १९६३ च्या व्हिएन्ना करारात आपल्या नागरिकांना पासपोर्ट आणि प्रवासाची कागदपत्रे देणे हे वाणिज्य दूतावासाच्या कामांत स्पष्टपणे नमूद केले आहे. हरवते ती छापील पुस्तिका. तिच्यामागची नोंद, म्हणजे नाव, जन्मतारीख, फोटो, बोटांचे ठसे, फाइल क्रमांक, भारतात जशीच्या तशी असते. हे ध्यानात राहिले की घबराटीतली बरीच धावपळ वाचते.

पासपोर्ट गेलासा वाटताच पहिले काम शोधण्याचे, आणि ते मन लावून करायला हवे. चोरीच्या जागा ठरलेल्या असतात: पॅरिसची मेट्रो, रोमच्या टर्मिनी स्थानकाचा परिसर, बार्सिलोनाच्या ला राम्ब्ला रस्त्यावरची गर्दी, हॉटेलात सकाळच्या नाश्त्याला खुर्चीला अडकवलेली पर्स. पण पासपोर्ट नुसता विसरलेलाही असू शकतो. विमानातल्या समोरच्या सीटचा खिसा, हॉटेलच्या खोलीतली तिजोरी, नोंदणीसाठी पासपोर्ट घेतलेला हॉटेलचा काउंटर, झेरॉक्सच्या यंत्राची काच, टॅक्सी, सहलीची बस, सोबतच्या नातेवाइकाची बॅग हे सगळे पाहून घ्यावे. एक-दोन तासांत सापडला नाही, तर मात्र ‘उद्या सापडेल’ म्हणून थांबू नये.

शोध आधी नीट करायचा, कारण तक्रार एकदा नोंदली की मागे फिरता येत नाही. दूतावासाला कळवल्यावर तो पासपोर्ट रद्द होतो. त्याचा क्रमांक इंटरपोलच्या चोरीच्या आणि हरवलेल्या प्रवासी कागदपत्रांच्या संगणकीय यादीत जाऊ शकतो. ही यादी २००२ मध्ये सुरू झाली. पुढे तोच पासपोर्ट सुटकेसच्या अस्तरात सापडला आणि माणूस तो घेऊन विमानतळावर गेला, तर अडकण्याची वेळ त्याच्यावर येते. यादी कशासाठी आहे, हे मार्च २०१४ मध्ये बेपत्ता झालेल्या मलेशिया एअरलाइन्सच्या एमएच ३७० विमानाच्या तपासात जगाला दिसले. त्यातले दोन प्रवासी एक इटालियन आणि एक ऑस्ट्रियन पासपोर्ट दाखवून चढले होते. दोन्ही पासपोर्ट थायलंडमधून चोरीला गेलेले होते आणि दोन्ही इंटरपोलच्या यादीत होते; विमानात चढण्यापूर्वी ती यादी कोणी तपासली नव्हती. गेलेला पासपोर्ट असा भलत्याच हातात पडू शकतो. तक्रार लवकर नोंदलेली असली की पुढच्या गैरवापराशी मूळ धारकाचा संबंध नाही, याचा लेखी पुरावा त्याच्यापाशी राहतो.

मग पोलीस. ज्या गावात पासपोर्ट गेला तिथेच तक्रार देणे उत्तम. दुसऱ्या शहरात पोहोचल्यावर दिली तरी चालते, पण प्रश्न जास्त विचारले जातात. युरोपात ११२ हा आणीबाणीचा क्रमांक आहे. थायलंडमध्ये पर्यटकांसाठी वेगळे पोलीस असून त्यांचा क्रमांक ११५५ आहे. तक्रारीत पासपोर्टचा क्रमांक (एक अक्षर आणि सात अंक), पासपोर्ट कुठे आणि कधी गेला, सोबत काय गेले आणि आत कोणता व्हिसा होता हे लिहून घ्यावे. पोलिसांनी तोंडी ‘नोंद झाली’ म्हटले तेवढ्यावर निघू नये. सही-शिक्क्याची प्रत हातात घ्यावी. हाच कागद पुढे दूतावास, विमान कंपनी, विमा कंपनी, तिथले इमिग्रेशन आणि शेवटी भारतातले पासपोर्ट कार्यालय अशा प्रत्येक ठिकाणी मागितला जातो. हरवला असेल तर हरवला आणि चोरी झाली असेल तर चोरी, असे खरे तेच सांगावे. नंतरच्या प्रतिज्ञापत्रातली हकीकत या कागदाशी जुळावी लागते.

भारताचा दूतावास राजधानीत असतो आणि मोठ्या देशांत शिवाय वाणिज्य दूतावास असतात: इटलीत रोमखेरीज मिलान, जर्मनीत बर्लिनखेरीज फ्रँकफर्ट, म्युनिक आणि हॅम्बुर्ग, अमिरातीत अबुधाबीखेरीज दुबई. सौदीला उमरा किंवा हजला गेलेल्यांना जेद्दाहचा वाणिज्य दूतावास जवळचा. सुट्टीच्या दिवशीही दूतावासाचा आणीबाणीचा फोन चालू असतो आणि तो क्रमांक संकेतस्थळावर मिळतो. अनेक देशांत नेहमीचे पासपोर्ट अर्ज खासगी कंपन्यांच्या केंद्रांत घेतले जातात. त्यामुळे निघण्यापूर्वी, कोणत्या कामाला नेमके कुठे यायचे, हे फोनवर विचारून घ्यावे.

सगळ्या प्रकरणातला कळीचा निर्णय दूतावासात घ्यायचा असतो: घरी परतायचे आहे, की त्या देशात राहायचे आहे? सहलीला गेलेल्याला परतायचे असते. त्याच्यासाठी आणीबाणीचे प्रमाणपत्र असते, ज्याला आखाती देशांतले कामगार ‘आउटपास’ म्हणतात. हे केवळ भारतात येण्यासाठी, एकदाच आणि ठरावीक मुदतीत वापरता येते. ते घेऊन पुढचा देश पाहता येत नाही. पॅरिसमध्ये पासपोर्ट गेला, तर सहलीतले लंडन सोडून द्यावे लागते. जुन्या पासपोर्टची प्रत हाताशी असली तर काम लवकर होते. ती नसली तर नागरिकत्वाची खात्री भारतातून होईपर्यंत थांबावे लागते. तिकीट शक्यतो थेट मुंबईचे किंवा दिल्लीचे काढावे. वाटेत विमान बदलायचे असेल, तर तो देश हे प्रमाणपत्र मानतो का, हे विमान कंपनीकडून आधी लेखी घ्यावे. शिकायला किंवा नोकरीला गेलेल्याने मात्र नवा पासपोर्टच मागावा. त्याला जास्त दिवस लागतात, पण आउटपासवर परतल्यास पुन्हा जाण्याची सगळी खटपट भारतातून नव्याने करावी लागते.

व्हिसाची गुंतागुंत इथे सहज नजरेआड होते. व्हिसाचे स्टिकर आणि प्रवेशाचा शिक्का पुस्तिकेबरोबरच गेलेला असतो. आपण कायदेशीर आलो होतो, हे बाहेर पडताना कसे दाखवायचे? काही देशांत इमिग्रेशन कार्यालयात जाऊन नव्या कागदावर प्रवेशाची नोंद करून घ्यावी लागते, काही ठिकाणी बाहेर पडण्याची वेगळी परवानगी लागते. हे काम विमानतळावर पोहोचण्याआधी उरकायचे असते. अमेरिकेचा व्हिसा चोरीला गेला, तर अमेरिकेत राहून तो बदलून मिळत नाही. भारतात येऊन पुन्हा अर्ज करावा लागतो. ब्रिटनमध्ये शिकणाऱ्यांचा व्हिसा आता इलेक्ट्रॉनिक असल्याने तो हरवत नाही, पण नव्या पासपोर्टचा क्रमांक त्या व्हिसाच्या ऑनलाइन खात्यावर स्वतः चढवावा लागतो.

आखातातल्या कामगारांची अडचण वेगळ्या जातीची आहे. पासपोर्ट हरवलेला नसतो, मालकाच्या कपाटात असतो. अमिराती, कतार, सौदी या देशांच्या कायद्याने मालकाला तो ठेवून घेता येत नाही, तरीही ही प्रथा टिकून आहे. अशा वेळी ‘हरवला’ अशी खोटी तक्रार देण्याचा सल्ला कोणी ना कोणी देतोच. तो ऐकू नये. मालकाने पासपोर्ट पुढे केला तर गुन्हा कामगारावर येतो. खरी हकीकत दूतावासाच्या कामगार विभागाला किंवा २०१५ पासून चालू असलेल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर कळवावी. खिशात पैसे नसलेल्यांसाठी २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. अडचणीतल्या भारतीयाच्या तात्पुरत्या राहण्याची आणि विमान तिकिटाची सोय दूतावास त्यातून करू शकतो.

या सगळ्यात घरचा माणूस फार कामाचा. शिरवळचेच उदाहरण घ्या. नीरेच्या काठचे शिरवळ म्हणजे पुण्याकडून सातारा जिल्ह्यात शिरताना महामार्गावर लागणारे गाव. औद्योगिक वसाहत आणि पशुवैद्यक महाविद्यालय असलेल्या अशा गावातून कोणी कंपनीच्या कामाला, कोणी शिकायला, तर कोणी मुलाबाळांकडे परदेशी जात असतो. जाणाऱ्याने पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची व व्हिसाची प्रत घरी ठेवावी, एक ईमेलवर आणि एक सोबत, पण पासपोर्टपासून वेगळ्या बॅगेत. शेवटच्या पानावर फाइल क्रमांक असतो, तो मिळाला की जुनी नोंद पटकन सापडते. मोबाइलही पर्सबरोबर गेला तर फोटो कुठून काढणार? म्हणून पांढऱ्या पार्श्वभूमीचे चार फोटो आणि कागदावर लिहिलेला घरच्यांचा फोन क्रमांक जवळ असावा. आता नव्या पासपोर्टच्या आवरणात चिप बसवलेली असते. चिपमुळे पासपोर्ट कुठे आहे ते कळते, हा समज चुकीचा आहे. ती जवळ धरलेल्या यंत्राला फक्त नोंद वाचू देते.

आउटपासवर परतल्यावर विमानतळावरचे अधिकारी तो काढून घेऊ शकतात, म्हणून त्याची प्रत आधीच करून ठेवावी. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाकडे येतात. नव्या पासपोर्टचा अर्ज ऑनलाइन, ‘पुन्हा जारी’ या प्रकारात आणि कारण ‘हरवला’ असे निवडून भरायचा. पुण्यातल्या मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घेण्यापूर्वी जवळच्या पोस्टातल्या सेवा केंद्रात हे काम होते का, तेही पाहावे. हरवलेल्या पासपोर्टच्या बदल्यात ३६ पानांच्या पुस्तिकेला ३,००० रुपये आणि ६० पानांच्या पुस्तिकेला ३,५०० रुपये पडतात. साध्या नूतनीकरणाच्या ३६ पानांना १,५०० लागतात. पोलिसांच्या तक्रारीची प्रत आणि पासपोर्ट कसा, कुठे गेला याचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. तक्रार परकी भाषेत असेल तर इंग्रजी भाषांतर आधीच करून घेतलेले बरे. पोलीस पडताळणी सातारा पोलिसांमार्फत होते आणि शिरवळकरांच्या बाबतीत चौकशी शिरवळ पोलीस ठाण्याकडे येते. पत्ता मधल्या काळात बदलला असेल तर तसे अर्जातच लिहावे.

नवा पासपोर्ट नव्या क्रमांकाचा असतो. तो आला की बँक, विमा, विद्यापीठ, परदेशी बँक खाते आणि चालू व्हिसा जिथे जिथे जुना क्रमांक आहे, तिथे तो बदलून घ्यायचा असतो. काही महिन्यांनी परदेशी पोलिसांकडून किंवा हॉटेलकडून जुना पासपोर्ट टपालाने घरी आला, तर तो वापरू नये. पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाला कळवून जमा करावा आणि पोच घ्यावी.